ज्या तत्त्वज्ञ माणसानं शाळेत मुलांना मारलं, त्याच्याबद्दल शिक्षण परिषदेत बोलावं का?

झरीची_मॅडम

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात, झरी जामणी तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेवर आहे. पहिली ते चौथी, पट 22, निम्म्याहून जास्त मुलं कोलाम आदिवासींच्या पोडावरची (वस्तीवरची). पुढच्या आठवड्यात आमच्या केंद्राची (आसपासच्या शाळांच्या गटाची) शिक्षण परिषद आहे. केंद्रप्रमुखांनी मला 20 मिनिटं दिली आहेत, विषय 'मला भावलेला शिक्षक'. दरवेळी सावित्रीबाई, साने गुरुजी, गिजुभाई यांच्यावर बोललं जातं. मी नाव दिलं लुडविग विटगेनस्टाइन या तत्त्वज्ञाचं, आणि आता अडकले आहे.

ज्यांना हा माणूस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जन्म 1889, व्हिएन्ना. वडील पोलादाच्या धंद्यातले, ऑस्ट्रियातल्या सगळ्यात श्रीमंत घराण्यांपैकी एक. आठ भावंडांत हा धाकटा. तीन भावांनी आत्महत्या केली. केंब्रिजला बर्ट्रांड रसेल या तत्त्वज्ञाकडे तर्कशास्त्र शिकला, पहिल्या महायुद्धात आपणहून सैन्यात गेला, आघाडीवर वह्या लिहीत राहिला आणि त्यातून त्याचं पहिलं मोठं पुस्तक तयार झालं. तत्त्वज्ञानाचे मूळ प्रश्न आता सुटले, असं त्याला वाटलं. युद्धाहून परतल्यावर त्यानं वाट्याला आलेली सगळी संपत्ती भावाबहिणींना देऊन टाकली, शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेतलं आणि 1920 ते 1926 ही सहा वर्षं डोंगराळ भागातल्या खेड्यांमध्ये प्राथमिक शिक्षक म्हणून काढली.

आमच्याकडे बदलीची यादी लागली की सगळ्यांचं लक्ष तालुक्याच्या गावाजवळच्या शाळांवर असतं (माझंही असतं, दोन लेकरं घेऊन राहायचं म्हणजे दवाखाना जवळ लागतो). या माणसाला पहिली शाळा मिळाली त्या गावात बाग होती, कारंजं होतं. ते पाहून तो म्हणाला, हे माझ्यासाठी नाही, मला पूर्ण खेडं पाहिजे. मग त्याला ट्रॅटनबाखला पाठवलं. तिथं मुलांना घेऊन त्यानं मांजराचा सांगाडा जोडला. मुलांना व्हिएन्नाला घेऊन गेला आणि रस्त्यातली झाडं, दगड, इमारती दाखवत गेला. गावच्या कारखान्यातलं वाफेचं इंजिन बंद पडलं होतं, ते यानं चालू करून दिलं. शेवटच्या गावी, ओटरतालला, मुलांकडून त्यांच्याच वापरातले शब्द गोळा करवून शब्दकोश तयार केला. तो 1926 मध्ये छापला गेला. त्याच्या हयातीत त्याची दोनच पुस्तकं निघाली, त्यातलं एक हे, प्राथमिक शाळेच्या मुलांसाठीचं.

मी हे सगळं वाचून भारावले होते. कोलामी बोलणाऱ्या मुलाला मराठी पुस्तक देऊन 'वाच' म्हणताना रोज जे जाणवतं, ते या माणसाला शंभर वर्षांपूर्वी जाणवलं होतं.

आता अडचण. तो मुलांना मारायचा. थोडंथोडकं नाही. सकाळचे पहिले दोन तास गणित, आणि ज्याला जमणार नाही त्याच्या कानाखाली, केस ओढणं. बीजगणित जमलं नाही म्हणून मुलींनासुद्धा. एप्रिल 1926 मध्ये ओटरतालला त्यानं एका 11 वर्षांच्या आजारी, अशक्त मुलाच्या डोक्यावर दोनतीन वेळा मारलं आणि तो मुलगा बेशुद्ध पडला. याच प्रकरणात त्यानं राजीनामा दिला. चौकशी झाली, आणि तिथं तो मारहाणीबद्दल खोटं बोलला.

माझ्या शाळेतले सर म्हणतात, हा भाग गाळा, बाकीचा प्रेरणादायी आहे. केंद्रातल्या एक ताई म्हणतात, नावच बदला, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शारीरिक शिक्षा बंद केलेली असताना असा माणूस कशाला? तुम्ही काय कराल? आणि ज्यानं उभं आयुष्य नीतीनं जगायची इतकी धडपड केली, तो चौकशीत खोटं का बोलला असेल?

---

परतवाडा_निवृत्त

ताई, मी 30 वर्षं महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवलं. विटगेनस्टाइन दरवर्षी शिकवला, पण या सहा वर्षांवर वर्गात एक वाक्य बोलायचो: 'काही काळ त्यांनी शिक्षकाची नोकरी केली.' त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून आनंद झाला. काही गाळू नका. थोडी भर घालतो.

एक. तो गावात गेला तो संत म्हणून नव्हे. आघाडीवर असताना त्याला टॉलस्टॉयनं लिहिलेलं ख्रिस्ताचं चरित्र मिळालं, ते तो सतत जवळ बाळगायचा. खेड्यातल्या साध्या माणसांत राहून स्वतःला धुऊन काढायचं, ही कल्पना तिथून आलेली. पण खरी माणसं भेटल्यावर त्याला ती सहन होईनात. ट्रॅटनबाखहून त्यानं रसेलला लिहिलं की इथली माणसं नीच आहेत. रसेलनं उत्तर दिलं की माणसं सगळीकडे सारखीच असतात. यानं ते मानलं नाही, इथली विशेष वाईट आहेत यावर अडून राहिला. गावाची सेवा करायला आलेला माणूस गावाचा तिरस्कार करत होता. मुलांवरचा हात मला यापासून वेगळा काढता येत नाही. हुशार मुलांसाठी तो दुपारी जादा शिकवण्या घ्यायचा, जीव टाकायचा. ज्यांना जमत नव्हतं, त्यांच्या वाट्याला तो तिरस्कार आला.

दोन. चौकशीनंतर काय झालं ते महत्त्वाचं आहे. तो एका मठात माळीकाम करू लागला, मग बहिणीसाठी व्हिएन्नात घर बांधलं, 1929 मध्ये केंब्रिजला परतला. बाहेरून पाहता सगळं मागे पडलं. पण 1936-37 च्या हिवाळ्यात त्यानं एक कबुलीजबाब लिहिला आणि मित्रांना गाठून तो ऐकवत सुटला. मूर यांच्यासारख्या ज्येष्ठ तत्त्वज्ञालाही ऐकावा लागला. त्याला रशियन शिकवणाऱ्या फानिया पास्कल यांनी पुढे लिहिलं आहे की त्यांनी विचारलं, हे नंतर नाही का चालणार? तो म्हणाला नाही. शेवटी त्या चिडून म्हणाल्या, तुम्हाला परिपूर्ण व्हायचंय का? त्यावर तो गरजला, अर्थात व्हायचंय!

त्या कबुलीत दोन गोष्टी मुख्य होत्या. आपण जन्मानं किती ज्यू आहोत हे लोकांना कमी वाटू दिलं, ही एक. दुसरी तुमच्या विषयाची. शाळेत त्यानं एका लहान मुलीला मारलं होतं, ती रडत मुख्याध्यापकांकडे गेली, आणि मुख्याध्यापकांनी विचारल्यावर हा म्हणाला, मी मारलं नाही.

त्याच सुमारास तो स्वतः ओटरतालला गेला आणि दारोदार जाऊन, ज्यांना मारलं होतं त्यांची माफी मागितली. निदान चार जणांकडे तरी गेला. काहींनी मोठ्या मनानं घेतलं. एका घरी, तोवर मोठी झालेली एक मुलगी नुसतं 'हो, हो' म्हणाली आणि तिनं त्याला उडवून लावलं.

खोटं का बोलला, याचं माझं उत्तर साधं आहे. घाबरला. माणूस नीतीवर कितीही विचार करत असला तरी साहेबासमोर उभं राहिल्यावर घाबरतो.

---

सेलू_वाचक

मॅडम, मी वर्धा जिल्ह्यातला. तुमच्या सहकाऱ्यांना सांगायला एक दाखला देतो, म्हणजे 'असा माणूस कशाला' हा प्रश्न जरा मवाळ होईल.

दक्षिण आफ्रिकेत गांधीजींनी 1910 मध्ये टॉलस्टॉय फार्म काढला (इथेही टॉलस्टॉयच). तिथं ते स्वतः मुलांना शिकवायचे. एक दांडगा, कुणाचं न ऐकणारा मुलगा होता, 17 वर्षांचा. एकदा गांधीजींनी रागाच्या भरात जवळचा आखायचा रूळ उचलला आणि त्याच्या हातावर मारला. मारताना ते स्वतः कापत होते. मुलगा रडला, त्यानं माफी मागितली. गांधीजींनी आत्मकथेत लिहिलं आहे की त्याला दुखलं म्हणून तो रडला नाही. मनात आणलं असतं तर तो मला उलट मारू शकला असता. आणि त्या दिवशी मी त्याला माझ्यातलं पशुत्व दाखवलं, अशा अर्थाचं ते म्हणतात. पुन्हा त्यांनी कुठल्या मुलावर हात उचलला नाही.

ही आत्मकथा 1925 ते 1929 या काळात 'नवजीवन'मध्ये क्रमशः छापून येत होती. म्हणजे ओटरतालचं प्रकरण दडपलं जात होतं साधारण त्याच वर्षांत एक माणूस आपलं असलंच कृत्य साप्ताहिकात छापत होता, कोणी विचारलेलं नसताना. दोघांनी मारलं. फरक पुढे पडला. सेवाग्रामला शाळेच्या सहली येतात तेव्हा मी मुलांना ही गोष्ट सांगतो. मुलं एकदम गप्प होऊन ऐकतात, सोबतचे शिक्षक जास्तच.

---

पऱ्हाटीवाला

मॅडम, मी शेतकरी मानूस, बुलडान्याकडचा. फिलॉसॉफी मले समजत नाई, पन गोष्ट पुरी वाचली. दोन सांगतो.

त्या पोरीनं 'हो हो' म्हनलं तर काय चुकलं तिचं? दहा सालानं मानूस दारात आला आन म्हने माफ कर. तिनं काऊन करावं लगेच? माफी मागनं त्याचं काम होतं, त्यानं केलं. देनं न देनं तिच्या मनावर. लोकं तिलेच नावं ठेवतीन का पाय किती मोठा मानूस आला आन हे कशी वागली, म्हनून सांगून रायलो. तुमी भाषनात तिची बाजू पडू देऊ नका.

दुसरं, मायबापाचं. आमच्याकडं आताबी मानसं शाळेत जाऊन सांगतेत, गुर्जी, द्या त्याले दोन ठेवून, आमचं काई म्हननं नाई. आन पोरगं घरी येऊन सांगते का मले मारलं, त बाप म्हन्ते तूच काई केलं असन. आमी मास्तरचं पयले आयकतो, पोराचं मंग. मीबी तसाच होतो. माह्या बायकोनं मले थांबवलं, म्हने आंधी पोरीले इचारा. तुमी मास्तर लोकाईत सांगता ते ठीक हाय, पन हे गोष्ट मायबापालेबी सांगा, सरपंचालेबी सांगा.

---

झरीची_मॅडम

सर, सेलूचे दादा, पऱ्हाटीवाले भाऊ, तिघांचे मनापासून आभार. कालपासून हेच वाचते आहे. भाऊंच्या 'मास्तरचं पयले आयकतो' या वाक्यानं मला झोप आली नाही, म्हणून ही लांब नोंद.

मी पाचवीपासून वसतिगृहात होते. आई-बाबा दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करायचे, कापूस वेचणीच्या दिवसांत गाव सोडून जायचे, मला कुठे ठेवणार? तिथं एका संध्याकाळी अधीक्षिका बाईंनी मला लाकडी पट्टीनं मारलं. बोटं सुजली, पेन धरता येईना. बाबा भेटायला आले तेव्हा मी हात दाखवला. बाबा मला घेऊन बाईंकडे गेले. बाई म्हणाल्या, मी हात लावला नाही, ही जिन्यावरून पडली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि मला म्हणाले, बाईंची माफी माग. मी मागितली.

बोटं आठवड्यात बरी झाली. त्यानंतर मात्र वसतिगृहात माझ्या कुठल्याही बोलण्याला किंमत उरली नाही. पोट दुखतं म्हटलं तरी 'ही तशीच आहे' म्हणायचे. बाबा वाईट नव्हते. शिकलेली बाई खोटं बोलेल हे त्यांना खरंच वाटलं नव्हतं.

म्हणून सरांनी सांगितलेली ती कबुलीतली मुलगी मला सोडत नाहीये. तिला लागलं, ती धावत मुख्याध्यापकांकडे गेली. लहान मुलीला जेवढं करता येतं तेवढं सगळं तिनं केलं, शाळेतल्या सगळ्यात मोठ्या माणसाला खरं सांगितलं. आणि तिचे गुरुजी 'नाही' म्हणाले. एवढ्या एका शब्दानं ती शाळेत खोटी ठरली. चौकशीतही तेच झालं असणार. यानं मारहाण कमी करून सांगितली म्हणजे जी मुलं घरी खरं सांगत होती, त्यांचं सांगणं फुगवलेलं ठरलं.

सर म्हणाले तो घाबरला. मान्य आहे. पण मला त्याची धडपड आता वेगळी दिसते. खरं काय बोलता येतं आणि काय बोलता येत नाही, यावर या माणसानं आयुष्य घातलं. पुढे लिहिलेलं त्याचं दुसरं मोठं पुस्तक, जे तो गेल्यावर 1953 मध्ये निघालं, ते सुरूच होतं लहान मूल बोलायला कसं शिकतं या प्रश्नानं. पुढेही मुलांना शिकवण्याची उदाहरणं पानोपानी येतात. मोठी माणसं वस्तू दाखवतात, शब्द म्हणतात, मूल त्यांच्यावर विश्वास ठेवतं, तेव्हा कुठे भाषा येते. असा माणूस एका मुलीच्या खऱ्या वाक्याला खोटं पाडून बसला होता. दहा वर्षं त्याला हेच छळत असणार. कबुलीत त्यानं मारण्यापाशी थांबून चाललं असतं, मारणं तेव्हा सर्रास होतं, कोणी फार बोललं नसतं. त्यानं नाकारल्याचं सांगितलं.

केंब्रिजच्या मित्रांना ऐकवलेल्या कबुलीबद्दल मला फारसं काही वाटत नाही. त्यात त्याचा स्वतःचा जीव हलका होणं जास्त आहे आणि ऐकणाऱ्यांना तो त्रासच झाला. ओटरतालच्या दारांत तो गेला त्याचं मोल मला मोठं वाटतं. ज्या गावात ती मुलं खोटी ठरली होती, त्याच गावात, घरोघरी जाऊन, तो म्हणाला की मी मारलं होतं. वेदना परत घेता येत नाही. पण 'पोरं खरं बोलत होती' एवढं तो त्यांना परत देऊ शकत होता, आणि ते त्यानं दिलं. माझ्या बाबतीत हे कुणी केलं नाही. बाबा आता नाहीत, त्यांना ते कळायला हवं होतं असं फार वाटतं.

पऱ्हाटीवाले भाऊ, त्या 'हो, हो' म्हणणाऱ्या मुलीबद्दल तुम्ही लिहिलंत ते तुमच्याच शब्दांत वाचून दाखवणार आहे, तुमची हरकत नसेल तर. मीही तिच्या जागी तेच म्हटलं असतं.

आता भाषणाचं. मांजराचा सांगाडा, शब्दकोश, वाफेचं इंजिन हे पाच मिनिटांत आटपणार. त्यातलं शब्दकोशाचं थोडं सविस्तर सांगेन, कारण आमच्या चौथीच्या मुलांनी आपल्या घरच्या शब्दांची वही केली आहे, ती दाखवायची आहे. मग सरांनी सांगितलेला गावाबद्दलचा तिरस्कार. हे बोलायला मला भीती वाटते, पण बोलणार. पोडावरच्या पालकांबद्दल आपल्याच बैठकांत काय काय बोललं जातं ते आपल्याला माहीत आहे: 'यांना शिक्षणाचं महत्त्वच नाही', 'मुलं शाळेत फक्त खिचडीसाठी येतात'. ट्रॅटनबाखला एका हुशार मुलाला पुढे शिकायला व्हिएन्नाला न्यायची विटगेनस्टाइननं तयारी दाखवली होती आणि बापानं नकार दिला. डिसेंबरात माझा अर्धा वर्ग कापूस वेचायला जातो तेव्हा मलाही त्या मुलांच्या बापांचा राग येतो. राग येणं वेगळं आणि त्या घरातल्या मुलाला आपण कमी लेखू लागणं वेगळं. त्यानंतर सेलूच्या दादांचा रुळाचा प्रसंग. आणि शेवटची दहा मिनिटं पूर्ण त्या दोन मुलींना: मुख्याध्यापकांकडे गेलेली एक, आणि दारात 'हो, हो' म्हणणारी एक.

---

परतवाडा_निवृत्त

ताई, मी इतकी वर्षं हे प्रकरण 'विटगेनस्टाइनचं आत्मिक संकट' म्हणून वाचत आलो. त्या मुलीच्या बाजूनं कधी पाहिलं नाही. माझी नात गोंडपिंपरीला शिक्षिका आहे, तिला हा धागा पाठवतो.

एक सुचवू? भाषण ऐकून शिक्षक 'छान झालं' म्हणतील आणि चहाला जातील. त्यांनी उद्या शाळेत काय करायचं, हेही एखादं सांगा.

---

झरीची_मॅडम

सर, सांगणार आहे. तक्रारपेटी प्रत्येक शाळेत लावलेली असते. तिची किल्ली कोणाकडे असते, एवढंच मी सभेत विचारणार. माझ्या शाळेत मुख्याध्यापकाचा प्रभार माझ्याकडे, म्हणून किल्लीही माझ्याकडे. म्हणजे माझ्याविरुद्धची तक्रार मीच उघडणार. ती किल्ली मी व्यवस्थापन समितीतल्या एका आईकडे देते आहे, माझ्या शाळेतल्या सरांनाही विचारलं, ते तयार आहेत.

पण पेटीत चिठ्ठी टाकायला लिहिता यावं लागतं, आणि पहिली-दुसरीच्या मुलांना अजून मराठी धड बोलता येत नाही. त्यांच्यासाठी खिचडी शिजवणाऱ्या मावशींशी बोलले. त्या पोडावरच्याच, कोलामी बोलतात, मुलं त्यांना सगळं सांगतात. मावशींनी विचारलं, मॅडम, पोरानं तुमचंच नाव सांगितलं तर? मी म्हटलं, तर माझ्याकडे यायचं नाही, थेट समितीच्या अध्यक्षांकडे जायचं. अध्यक्षांना शनिवारी बोलावलं आहे, त्यांच्यासमोर हे ठरवून घेते. मावशी म्हणतात लिहून द्या, म्हणून लिहूनही देणार आहे.